निवृत्तीची पुंजी आणि विवेकाचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या पिढ्यांना अंकगणित शिकविले. हिशेब बरोबर येणे आणि पैसा स्वच्छ असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी आमच्या मनावर बिंबविले. म्हणून आज मी असा एक विषय निवडला आहे, ज्यात या दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात. म्हातारपणासाठी साठविलेला आपला पैसा आपल्या हातून गेल्यावर पुढे काय करतो, आणि त्याच्या कर्तृत्वाची जबाबदारी कोणाची, हा तो विषय होय.

दरमहा पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापली जाते. आपण पावती पाहतो, व्याजाचा दर विचारतो आणि स्वस्थ राहतो. परंतु ती रक्कम तिजोरीत पडून राहत नाही. ती सरकारी रोख्यांत जाते, कंपन्यांना कर्जाऊ जाते, समभागांत जाते. म्हणजे आपण घरी निवांत बसलो असता आपला पैसा कोठेतरी कोळसा खणत असतो, रस्ता बांधत असतो, औषध किंवा शस्त्र तयार करीत असतो. पैसा दुसऱ्याच्या स्वाधीन केल्याने मालकी सुटत नाही. मग जबाबदारी तरी कशी सुटावी?

हा प्रश्न नवा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने धनाच्या विनियोगावरील प्रवचनात, शेजाऱ्याला अपाय करून मिळविलेल्या धनाचा निषेध केला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ साली, युद्धसाहित्याच्या नफ्यात वाटा नको म्हणणाऱ्या अमेरिकी मेथॉडिस्टांच्या पुढाकाराने पॅक्स वर्ल्ड फंड निघाला. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रेंड्स प्रॉव्हिडंट या संस्थेने स्टुअर्डशिप फंड सुरू केला. मात्र निवृत्तीच्या पुंजीच्या संदर्भात या विचाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियात आढळते.

एका कंपनीची सनद

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे तिकडे नोकरीस आहेत, त्यांना ‘सुपर’ हा शब्द परिचयाचा असेल. ‘सुपरअ‍ॅन्युएशन’चे ते बोलीतील रूप. तेथे १९९२ पासून मालकाने नोकराच्या वेतनाच्या प्रमाणात ठराविक रक्कम निवृत्ती निधीत भरणे सक्तीचे आहे. प्रारंभी अनेकांसाठी ३ टक्के असलेले हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत जुलै २०२५ पासून १२ टक्के झाले आहे. २००५ पासून बहुसंख्य नोकरदारांना आपला निधी कोणत्या संस्थेकडे ठेवावा, हे निवडण्याचा अधिकार मिळाला. सक्तीची बचत आणि निवडीचे स्वातंत्र्य एकत्र आले, तेव्हा विवेकाला वाव मिळाला.

या निवडीत ‘ऑस्ट्रेलियन एथिकल’ ही कंपनी आहे. ती १९८६ साली कॅनबेरा येथे स्थापन झाली आणि २००२ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. तिचे वैशिष्ट्य असे की, नीतीचे नियम जाहिरातीपुरते न ठेवता तिने ते आपल्या घटनेतच एका सनदेच्या रूपाने समाविष्ट केले. सनदेत २३ कलमे आहेत : १२ कशाला साहाय्य करावे याची, ११ काय टाळावे याची. दारिद्र्यनिवारण, शाश्वत शेती, कामगारांचा मालकीत सहभाग, प्राण्यांचे कल्याण, एवढेच काय पण मानवी मलमूत्राचा सदुपयोग, हे साहाय्यास पात्र. प्रदूषण, शस्त्रनिर्मिती, फसवी जाहिरात, अल्प वेतनावर राबविणे, लोकांना झेपणार नाही एवढ्या कर्जात लोटणे, हे वर्ज्य. याखेरीज नफ्याचा सुमारे दशांश हिस्सा सत्कार्यास देण्याची प्रथा आहे.

निर्णय कठीण का होतो?

यादी करणे सोपे, लावणे कठीण. आपल्याच देशातील आयटीसीचे उदाहरण घ्या. ही कंपनी सिगारेट बनविते. आपल्या विद्यार्थ्यांच्या दप्तरातील क्लासमेट वही तिचीच, स्वयंपाकघरातील आशीर्वाद आटा तिचाच आणि देव्हाऱ्यातील मंगलदीप उदबत्तीही तिचीच. अशा कंपनीस चांगली म्हणावे की वाईट? काही निधी एकूण उत्पन्नापैकी वर्ज्य धंद्याचा वाटा किती यावर मर्यादा घालतात. काही तंबाखूसारख्या पदार्थाबाबत कसलीच सवलत देत नाहीत. दोन्ही पद्धतींत रेषा कोठेतरी ओढावी लागते. ती कोणी व का ओढली, हे सभासदाला उघडपणे सांगणे हेच प्रामाणिक संस्थेचे लक्षण होय.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. बाजारात समभाग विकत घेतला की पैसे कंपनीला मिळत नाहीत. ते आधीच्या धारकाला मिळतात. तुम्ही घेतला नाही तर दुसरा घेईल. मग नकाराने साधले काय? यात तथ्य आहे. एकट्या लहान निधीच्या नकाराने कोणतीही खाण बंद पडत नाही. परंतु नवे समभाग आणि कर्जरोखे यांच्याबाबत पैसा थेट कंपनीकडे जातो, तेथे नकाराला वजन असते. आणि नकार देणारे पुष्कळ झाले तर भांडवल महाग होते. शिवाय समभागधारकाला सभेत प्रश्न विचारण्याचा व मत देण्याचा हक्क असतो. तेव्हा बाहेर राहणे आणि आत राहून टोकणे, अशी दोन साधने आहेत व दोहोंची गरज आहे.

विश्वस्ताचे कर्तव्य

तिसरा प्रश्न कायद्याचा. निधीचे विश्वस्त स्वतःच्या तत्त्वांसाठी सभासदांचे नुकसान करू शकतात काय? ब्रिटनमधील खाणकामगारांच्या निवृत्ती निधीतील असा वाद १९८४ मध्ये न्यायालयात निकाली निघाला. कोळशाशी स्पर्धा करणाऱ्या उद्योगांत व परदेशांत पैसा गुंतवू नये, असा कामगार संघटनेच्या विश्वस्तांचा आग्रह होता. न्यायमूर्ती मेगॅरी यांनी निर्णय दिला की, विश्वस्ताने सभासदांचे हित, आणि निवृत्ती निधीत सामान्यतः त्यांचे आर्थिक हित, सर्वोपरी मानले पाहिजे. पुढे २०१४ मध्ये तेथील विधी आयोगाने थोडी वाट मोकळी केली : सभासदांची तशी भावना असल्याचे मानण्यास आधार असेल आणि मोठे आर्थिक नुकसान होणार नसेल, तर नैतिक विचार करता येतो.

आर्थिक कसोटी टळत नाही, हे ऑस्ट्रेलियातही दिसले. तेथे २०२१ पासून निधींच्या परताव्याची वार्षिक परीक्षा होते. त्या वर्षी अनुत्तीर्ण ठरलेल्यांत ‘ख्रिश्चन सुपर’ हा धर्मनिष्ठ निधी होता. २०२२ मध्ये तो ऑस्ट्रेलियन एथिकलमध्ये विलीन झाला. सद्हेतू हा गैरव्यवस्थापनाला पर्याय नव्हे, कारण त्या पैशावर कोणाचे तरी म्हातारपण अवलंबून असते.

आणि सद्हेतूचे सोंगही घेतले जाते. ‘मर्सर सुपर’ने आपल्या शाश्वत म्हणविलेल्या योजनांत दारू, जुगार व कोळशासारखी इंधने यांच्या कंपन्या नाहीत असे सांगितले, प्रत्यक्षात त्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल १ कोटी १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. नीतीचा शिक्का पाहून भुलू नये, गुंतवणुकीची यादी मागावी, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काय?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा काही अंश २०१५ पासून निर्देशांकाधारित फंडांमार्फत शेअर बाजारात जातो. ‘निफ्टी’ निर्देशांकात आयटीसी आहे, कोल इंडियाही आहे. म्हणजे खासगी शाळेत तंबाखूविरोधी पाठ देणारा शिक्षक आपल्या वर्गणीतून, नकळत, सिगारेटच्या कंपनीचा अल्पांशाने पुरस्कर्ता असू शकतो. त्याला निवड नाही. २००९ पासून सर्व नागरिकांना खुल्या झालेल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत निधी व्यवस्थापक आणि समभाग-रोख्यांचे प्रमाण निवडता येते, हे पाऊल चांगले. पण कोणत्या कंपन्या वगळाव्यात, हे सभासद सांगू शकत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी माणसांनी वर्गणीतून शाळा उभ्या केल्या, आणि देणगीदाराला वार्षिक सभेत जमाखर्चाचे पुस्तक उघडून पाहता येई. किती जमा झाले याइतकाच कशावर खर्च झाले, हाही त्याचा हक्काचा प्रश्न असे. आपल्या निवृत्तीच्या पुंजीबाबत आपण फक्त पहिला प्रश्न विचारतो. दुसरा प्रश्न विचारणारे सभासद वाढतील, तेव्हाच तसे पर्याय निर्माण होतील; कॅनबेरातही ते थोडक्यांच्या विचारण्यातूनच निर्माण झाले. गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी तो प्रश्न आधी विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.