शक्तिमान कधीच नापास होत नाही

दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चाललेली 'शक्तिमान' ही मालिका लहानपणी पाहणारी पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. चळवळीत ती कार्यकर्ती म्हणून वावरते, वस्तीत जयंती मंडळे चालवते. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा या पिढीने मोठ्या कौतुकाने आपल्या लेकरांना समोर बसवले. लेकरे कंटाळली. "पप्पा, ह्याला काहीच कसं होत नाही?" हा त्यांचा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणाजवळ पाली हे गाव लागते. आमच्या पिढीने शक्तिमान पाहिला तो अशाच गावांतून, एका टीव्हीपुढे पन्नास पोरे बसून, वीज राहिली तर. दसरा झाला की ऊसतोडीची कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जात, पोरेही गाडीत बसत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येत. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न, मधल्या भागांत काय झालं? उत्तर ठरलेले असे: काही नाही, जिंकला. पाच-सहा महिने मालिका बुडाली तरी काहीच बुडत नसे. शाळेचे पाच-सहा महिने बुडाले की मात्र अख्खे वर्ष बुडे, आणि पुष्कळांची शाळा तिथेच संपे.

असा हा परिपूर्ण नायक. त्याला भूक नाही, कर्ज नाही, मोह नाही, शंका नाही. पण ही परिपूर्णता आली कुठून, हे पाहिले की मालिकेमागचे सांस्कृतिक राजकारण उघडे पडते. सूर्यांशी गुरू त्याला निवडतात, योगसाधनेने त्याची कुंडलिनी जागृत होते, पंचमहाभूते त्याच्या सेवेला हजर होतात. म्हणजे शक्ती ही निवडलेल्यालाच आणि गुरूच्या कृपेनेच मिळायची! बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बरे, हा महाशय साध्या माणसाचे सोंग घेतो तेव्हा नाव काय धारण करतो? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! सामान्य माणूस दाखवायचा झाला तरी तो शास्त्रीच असावा लागतो, गंगाधर कांबळे असून चालत नाही. खरे सांगायचे तर आम्हा पोरांना शक्तिमानपेक्षा हा गंगाधरच जवळचा वाटायचा, कारण तो धडपडायचा, लोक त्याला हसायचे. पण तेही सोंगच होते. हीच भूमिका करणारे मुकेश खन्ना त्याआधी 'महाभारत' मालिकेत भीष्म झाले होते. तोही निष्कलंक, प्रतिज्ञेचा पक्का. आणि भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असताना मान खाली घालून बसलेला. निष्कलंक माणसाचा दुबळ्याला उपयोग काय, असा प्रश्न तेव्हाही पडायला हवा होता.

मराठवाड्याला तर हा प्रश्न अधिक लागू आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे गेली, हजारो भीमसैनिकांनी तुरुंग भरले. आकाशातून गिरक्या घेत कोणीही आले नाही.

आता जरा अवघड भाग. तारणहार नायकाची ही चटक आपल्याही घरात शिरली आहे. लेकरांना आपण बाबासाहेब सांगतो ते कसे? जन्मजात अलौकिक, अठरा अठरा तास वाचणारे, कधी न थकणारे, कधी न हरणारे. जयंतीला विद्यापीठात आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ते चांगलेच आहेत, त्यांची टिंगल करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. पण स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आलेले, बीडच्या खोलीत भाडे थकवून बसलेले ऊसतोड कामगाराचे पोर भिंतीवरच्या त्या तसबिरीकडे पाहते तेव्हा त्याच्या मनात काय येते? हे आपल्याच्याने होणे नाही, ते महामानव होते. मग ते हात जोडते आणि पुस्तक मिटते. नायक इतका उंच नेला की त्याच्या मागे चालायची गरजच उरत नाही, फक्त वर बघायचे. बाबासाहेबांना मखरात बसवून निरुपद्रवी करू पाहणाऱ्या प्रस्थापितांना याहून अधिक काय हवे?

विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना आणि १९४९ साली संविधान सभेत, असा दोनदा बजावून सांगितला, हे आपल्याला पाठ आहे. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्यांनी काय केले, इकडे पुरेसे लक्ष जात नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र घर सोडतो, ही पिढ्यानपिढ्यांची गोष्ट त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे ठेवला. सिद्धार्थ शाक्य संघात उभा राहतो, युद्धाला विरोध करतो, मतदान होते आणि तो हरतो. प्रचंड बहुमताने हरतो! पाण्याचे भांडण आणि सभेतला पराभव, इथून या ग्रंथातला बुद्ध घराबाहेर पडतो. पुढेही तो स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेत नाही, मार्गदाता म्हणवतो. गावोगाव पाण्यावरून भांडणाऱ्या आणि ग्रामसभेत हात वर करूनही हरणाऱ्या आपल्या माणसांना हा नायक ओळखीचा वाटेल.

बाबासाहेबांच्या चरित्रातही असे पुष्कळ आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. संस्कृतची दारे बंद म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपल्याने मुंबईला येऊन त्यांनी तो सुधारला, पुन्हा पाठवला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून ते पराभूत झाले, १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, प्रकृती खंगलेली असताना, नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली.

येत्या १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धांत पदव्यांची यादी पाठ म्हणवून घेण्याऐवजी एखाद्या मंडळाने विषय ठेवावा: '७५० पैकी २८२'. पाच मिनिटे बोलायला पोरांना भरपूर सापडेल.