टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर म्हणजे काय? सगळी गंमत पृष्ठभागावर!

मे महिन्यात वणीजवळच्या राजूरमध्ये गेम खेळताना फोन तापतो ना? त्यात उन्हाचा वाटा आहेच, पण सर्किटमधून जाणाऱ्या विजेला अडथळा होतो, त्याचीही उष्णता बनते. सुपरकंडक्टरमध्ये ठरावीक तापमानाखाली हा अडथळा शून्य होतो. तिथे इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि जोडी तोडायला ऊर्जा लागते.

मग टोपोलॉजिकल म्हणजे?

कागदाच्या पट्टीला एक पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता कितीही वाकवा, कापल्याशिवाय पीळ जात नाही. काही पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉनच्या लहरींच्या रचनेतच असा पीळ असतो. बाहेरच्या हवेत तो नसतो. म्हणून पदार्थ जिथे संपतो तिथे पीळ सुटावाच लागतो आणि नेमक्या त्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनसाठी खास अवस्था तयार होतात. पृष्ठभाग थोडा खडबडीत असला, तरी त्या पुसल्या जात नाहीत.

मुंबईतलं बिस्मथ

असा पीळ जड अणूंमध्ये सहज सापडतो. बिस्मथ त्यातलंच. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ 0.53 मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे 273 अंशांपर्यंत थंड केलं आणि ते सुपरकंडक्टर झालं! 2016 च्या शेवटी हा शोध जाहीर झाला. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे जुन्या सिद्धांताने याचं उत्तर मिळेना. 2018 मध्ये बिस्मथच्या कडांवर टोपोलॉजिकल अवस्था असल्याचं दुसऱ्या गटाने दाखवलं. पण एवढ्यावरून ते टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर ठरत नाही.

याचा उपयोग काय?

क्वांटम कॉम्प्युटरची माहिती जराशा धक्क्याने बिघडते. टोपोलॉजिकल सुपरकंडक्टरच्या दोन टोकांना 'मायोराना' अवस्था मिळाल्या, तर एकच माहिती दोन्हीकडे मिळून साठवता येईल. एका टोकाला धक्का बसला तरी ती टिकेल.

थांबा, घाई नको

मायोरानाचा पक्का पुरावा मिळाल्याचा 2018 चा एक गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला. शिवाय पदार्थातल्या साध्या दोषामुळेही तसाच सिग्नल येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2025 मध्ये 'मायोराना 1' चिप आणली, तेव्हाही अनेक शास्त्रज्ञांनी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं.

त्यामुळे पुढच्या वेळी अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: दिसलेला सिग्नल पिळामुळेच आला, हे कशावरून?