तीस टक्के कशाचे?

गेमचा धंदा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून केलेल्या गेमच्या खर्चाची बाजू पाहिली. आता जमेची. पीसीवर गेम विकायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं स्टीमचं, आणि त्यापाठोपाठ तक्रार निघते : विक्रीतले ३० टक्के तेच ठेवून घेतात! एवढं देऊन तिथे जावं, की आपल्याच वेबसाइटवर विकावं?

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं ते आपल्याच गेमचे अपडेट पोचवण्यासाठी. २००५ पासून बाहेरच्यांचे गेमही तिथे विकायला आले. २०१८ मध्ये कमिशनचे दर बदलले, पण ते वरच्या टोकाला. गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या रकमेवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के. सवलत मोठ्यांना, पूर्ण दर छोट्यांना. नाराजी आहे ती यावरून. त्याच वर्षाच्या अखेरीस एपिक गेम्स या कंपनीने १२ टक्के कमिशनवर दुकान थाटलं. इच डॉट आयओवर तर दुकानाला किती द्यायचं हे डेव्हलपरच ठरवतो. काही दिलं नाही तरी चालतं.

एका प्रतीचा हिशेब मांडून पाहू. भारतात ५९० रुपयांना लावलेल्या गेममधले ९० रुपये जीएसटीचे. उरलेल्या ५०० पैकी १५० स्टीमचे, हातात ३५०. तीच ५०० रुपयांची विक्री इचवर त्यांच्या नेहमीच्या १० टक्क्यांनी झाली तर हातात ४५०. त्यातून पैसे वळते करण्याचं किरकोळ शुल्क जाईल. प्रतीमागे शंभरचा फरक डोळ्यांत भरतो खरा. पण इचवर तीन प्रती खपतात तेवढ्या वेळात स्टीमवर चार खपल्या, की हा फरक पुरता भरून निघतो. आणि दोन दुकानांमधल्या वर्दळीतलं अंतर तीनास चार एवढं थोडं नाही. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून अधिक जण हजर होते. त्यांचे जुने गेम तिथे, मित्र तिथे, कार्डाचा तपशीलही तिथेच भरलेला. नवीन दुकानात खातं उघडायचा कंटाळा हीच स्टीमची तटबंदी आहे.

ही वर्दळ काय करू शकते ते ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ने दाखवलं. टार्न आणि झॅक ॲडम्स हे भाऊ २००६ पासून हा गेम आपल्या वेबसाइटवर फुकट देत होते. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. घर चाले ते चाहत्यांच्या देणग्यांवर. झॅकला कॅन्सर झाला, अमेरिकेतला औषधोपचाराचा खर्च समोर दिसू लागला, आणि २०१९ मध्ये दोघांनी सशुल्क आवृत्ती काढायचं जाहीर केलं. चित्रं आणि माउसची सोय असलेली ती आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम आणि इचवर आली, किंमत ३० डॉलर. जानेवारी २०२३ च्या त्यांच्या जाहीर जमाखर्चात ७२ लाख डॉलर जमा दिसले. आदल्या महिन्यातली जमा होती १५ हजारांच्या आसपास. जुनी फुकट आवृत्ती त्यांच्या वेबसाइटवर आजही आहे.

मात्र यातून ‘स्टीमवर गेलं की गेम खपतो’ असा अर्थ काढला तर पस्तावायची वेळ येईल. दार आता सगळ्यांनाच उघडं आहे. २०१२ ते २०१७ या काळात स्टीमच्याच ‘ग्रीनलाइट’ या मतदानाच्या व्यवस्थेत खेळाडूंची मतं मिळवावी लागत. आता १०० डॉलर भरले आणि प्राथमिक तपासणी पार पडली की गेम दुकानात. हजार डॉलरची विक्री झाली की ते शंभरही परत मिळतात. परिणामी २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. रोजचे पन्नासच्या आसपास! ॲडम्स बंधूंच्या पाठीशी सोळा वर्षांचा चाहतावर्ग होता. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ हा लुका गालान्तेचा गेमही आधी इचवर होता, डिसेंबर २०२१ मध्ये तीन डॉलरच्या आत स्टीमवर आला, यूट्यूबवर खेळून दाखवणाऱ्यांनी उचलला आणि २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम गेम ठरला. स्टीम हा अडत्या आहे : मालाला आधीच मागणी असेल तर भाव चढवून देतो, नसेल तर माल पडून राहतो.

ही मागणी मोजण्याचं माप म्हणजे विशलिस्ट. गेमचं पान विक्रीच्या कितीतरी महिने आधी लावता येतं. ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये टाकला त्यांना विक्री सुरू होताच ईमेल जातो, आणि पहिल्या काही दिवसांतल्या खपावर दुकान पुढे किती ठिकाणी गेम दाखवणार हे बरंचसं ठरतं. दहा रिव्ह्यू होईपर्यंत पानावर शेराही उमटत नाही. म्हणून पान लवकर लावावं, गेम मात्र घाईने सोडू नये. गेम दीड-दोन तासांत संपणारा असेल तर आणखी एक कलम वाचून ठेवा : दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. म्हणजे अख्खा गेम खेळून पैसे परत मागणाराही नियमात बसतो.

स्टीमशिवाय मोठं होता येतं का? ‘माइनक्राफ्ट’ झाला. स्वतःच्याच वेबसाइटवर विकला गेला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. पण अपवादावर संसार चालत नाही. प्रागच्या ‘फॅक्टोरिओ’चा रस्ता जास्त अनुकरणीय : आधी स्वतःच्या वेबसाइटवर विक्री, गेम घडत असताना जमवलेले खेळाडू, मग २०१६ मध्ये स्टीम, आणि तिथे गेल्यावरही सेलच्या मोहाला न पडता किंमत कधी उतरवली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ही २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, स्टीमवर ऑक्टोबरमध्ये.

एकाच दुकानावर विसंबण्यातला धोका काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे स्टीमने काही प्रौढांसाठीचे गेम काढून टाकले; इचनेही तसे गेम शोधयादीतून हटवले. इतर दुकानांतल्या किमतींवर व्हॉल्व्ह दबाव आणते, असा आरोप करत वुल्फायर या स्टुडिओने २०२१ मध्ये अमेरिकेत खटला भरला; व्हॉल्व्हला तो आरोप मान्य नाही.

तेव्हा स्टीमवर जावंच. ३० टक्के हे तयार गिऱ्हाइकांपर्यंत पोचण्याचे पैसे आहेत आणि एरवी ते जाहिरातीवर जातील. पण खेळाडूंचे ईमेल पत्ते, स्वतःची वेबसाइट आणि डेमो हे आपल्या ताब्यात ठेवावं. स्टीम आपल्या गेमच्या कीज, म्हणजे स्टीमवर गेम उघडण्याचे कोड, डेव्हलपरला फुकट देतं आणि त्या आपल्या वेबसाइटवर विकल्या तर कमिशन घेत नाही. मुख्य अट अशी की स्टीमच्या गिऱ्हाइकाला त्याहून महाग पडता कामा नये.

पुढच्या लेखांकात : रुपयातली किंमत कशी ठरवायची, आणि सेल कधी लावायचा.