हिप हॉप म्हणजे नुसता रॅप नव्हे

हिप हॉप म्हणजे साखळ्या घालून तावातावाने बोललेला रॅप, हा सगळ्यात पक्का गैरसमज. प्रत्यक्षात रॅपचा नंबर उशिरा लागला. आधी मान होता तबकडीचा आणि नाचाचा.

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीने पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50. गाणी लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच जमैकाहून आलेला डीजे कूल हर्क. गायक थांबून नुसता ठेका उरतो, त्या ‘ब्रेक’वर पोरं सगळ्यात जास्त रंगतात, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर आलटूनपालटून वाजवून तो तेवढाच तुकडा लांबवायला लागला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. माइकवरचं बोलणं त्यांना जोश चढवण्यापुरतंच होतं. रॅप घरोघरी पोचला तो 1979 च्या ‘रॅपर्स डिलाइट’मुळे, आणि ते गाणं काढणारी निर्माती होती सिल्व्हिया रॉबिन्सन. हे पुरुषांचं क्षेत्र आहे म्हणणाऱ्यांनी या दोन बायकांची नावं लक्षात ठेवावीत.

नाचाला आपण सरसकट ‘ब्रेक डान्स’ म्हणतो, तेही चूकच; त्यातल्या शैली वेगवेगळ्या. ब्रेकिंग ब्राँक्सचं, ते घडवण्यात पोर्तो रिकन मुलांचाही मोठा वाटा. लॉकिंग मात्र लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं आणि पॉपिंग फ्रेस्नोच्या बूगालू सॅमचं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये होतं ते फक्त ब्रेकिंग.

हिप हॉपची फॅशनही बड्या ब्रँडनी दिलेली नाही, उलट त्यांनीच ती उचलली. डिझायनर डॅपर डॅनने 1982 मध्ये हार्लेममध्ये दुकान थाटलं. महागड्या ब्रँडचे लोगो तो स्वतः चामड्यावर छापायचा आणि रॅपर, बॉक्सर मंडळींना ऐटदार जाकिटं शिवून द्यायचा. ब्रँडनी कायद्याचा बडगा उगारला, 1992 मध्ये दुकान बंद झालं. 2017 मध्ये गुचीने त्याच्याच जुन्या जाकिटासारखं जाकीट रॅम्पवर आणलं, बोभाटा झाला आणि मग त्याच्याशीच भागीदारी केली! चोर कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

आणि मुंबईचं हिप हॉप ‘गली बॉय’ने जन्माला घातलं नाही. तो सिनेमा 2019 चा; डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं ‘मेरे गली में’ 2015 मध्येच आलं होतं.