विश्लेषण : वकिलांचे सक्तीचे शिक्षण, सवलत कोणाला?

भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेली कलमे बदलली. मात्र नवा कायदा अभ्यासल्याचा पुरावा वकिलांना द्यावा लागला नाही. सनद मिळाल्यानंतर सातत्यपूर्ण शिक्षणाची देशव्यापी सक्ती भारतात नाही. उद्या ती आली, तर तीतून कोणाला वगळावे, हा प्रश्न उपस्थित होईलच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात याच प्रश्नावर न्यायालयीन लढा झाला.

नियम काय?

तेथे वकिली करणाऱ्यास दर तीन वर्षांत २५ तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. त्यात व्यावसायिक नीतिमत्तेचाही समावेश असतो. पूर्तता न केल्यास वकिली करण्याचा अधिकार स्थगित होतो.

वाद कोणता?

१९८९च्या मूळ कायद्याने निवृत्त न्यायाधीश, राज्याचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी आणि विधी महाविद्यालयांतील पूर्णवेळ प्राध्यापक यांना सूट दिली होती. हा भेदभाव समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा दावा एका वकिलाने केला. अपील न्यायालयाने तो मान्य केला. परंतु १९९९मध्ये 'वॉर्डन विरुद्ध स्टेट बार' खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सवलती वैध ठरवल्या. हे घटक पूर्णवेळ अशिलांची कामे करण्याची शक्यता कमी, असे विधिमंडळाने मानणे तर्कसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. आजच्या तरतुदीत मात्र निवृत्त न्यायाधीशांचा उल्लेख नाही.

पद की काम?

सरकारी सेवेतील पूर्णवेळ वकिलांना तेथे मिळणारी सूट अधिक नेमकी आहे. ती केवळ शासकीय कामापुरती असते. खासगी अशिलाचे काम घेताच शिक्षणाची अट लागू होते. येथे निकष पदाचा नसून कामाचा आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी बार कौन्सिल एकच आहे. आमदार-खासदारांना वकिली करण्यास मनाई करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये फेटाळली. त्यामुळे लोकप्रतिनिधी अशिलांची कामे क्वचितच करतात, हे कॅलिफोर्नियातील गृहीतक येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. वकीलपत्रावर सही करणाऱ्या पक्षकाराला आपल्या वकिलाच्या पदापेक्षा त्याला आजचा कायदा ठाऊक असणे महत्त्वाचे असते. सवलतीची कसोटीही तीच असायला हवी.