रेज अगेन्स्ट द मशीन: गाजलेली गाणी आणि त्यांचा कस

रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकन बँडच्या गाण्यांवरचा वाद तीस वर्षे उलटून गेली तरी मिटलेला नाही. ‘किलिंग इन द नेम’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे. तेच सर्वांत चांगलेही आहे का, यावर रसिकांत दोन तट आहेत. त्या वादाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे: राजकीय आशयाच्या गाण्याचा कस शब्दांवर लावायचा, वादनावर, की ते लोकांना काय करायला लावते यावर?

हा बँड १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमला. झॅक डे ला रोचा गायक, टॉम मोरेलो गिटारवादक, टिम कॉमरफर्ड बासवादक आणि ब्रॅड विल्क ड्रमवादक. झॅकचे वडील मेक्सिकन-अमेरिकन चळवळीतले चित्रकार होते. टॉमचे वडील केनियाचे मुत्सद्दी, आई शिक्षिका. त्याने स्वतः हार्वर्डमधून ‘सोशल स्टडीज’ची पदवी घेतलेली. पुढच्या गाण्यांत जे राजकारण आले, ते दोघांच्याही घरातच होते.

रॅप आणि रॉक त्यांच्याआधीही एकत्र आले होते. रन-डीएमसी आणि एरोस्मिथ यांनी १९८६ मध्ये ‘वॉक धिस वे’ केले, पब्लिक एनिमी आणि अँथ्रॅक्स यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिंग द नॉइज’. पण ते दोन पंथांच्या कलावंतांनी प्रसंगाने केलेले सहकार्य होते. रेजमध्ये एकाच बँडच्या अंगात दोन्ही भिनलेले होते. रॅपमध्ये डीजे तबकडी घासून जे आवाज काढतो, ते मोरेलो गिटारवर काढत असे. म्हणूनच पहिल्या अल्बमवर त्यांनी मुद्दाम छापले की यात सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर कुठेही वापरलेला नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या या अल्बमच्या मुखपृष्ठावर १९६३ मध्ये सायगावच्या रस्त्यावर आत्मदहन करणाऱ्या थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्खूंचे छायाचित्र होते. माल्कम ब्राउन यांनी टिपलेल्या त्या छायाचित्राने बँडची भूमिका पहिले गाणे वाजण्याआधीच सांगितली.

‘किलिंग इन द नेम’ याच अल्बममधले. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारले. त्याचे चित्रीकरण जगाने पाहिले, तरी एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने कोणालाही दोषी ठरवले नाही आणि शहर पेटले. त्या पार्श्वभूमीवर आलेले हे गाणे पोलिसी अत्याचार आणि वर्णद्वेषी संघटना यांचे नाते उघडपणे जोडते. त्याची मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, मोरेलोला शिकवणी घेताना सुचली. गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर खाली उतरवण्याची पद्धत तो विद्यार्थ्याला दाखवत होता. मध्येच थांबून त्याने ती रिफ ध्वनिमुद्रित करून ठेवली.

या गाण्यावरचा आक्षेप ठरलेला आहे: पाच मिनिटांहून मोठ्या गाण्यात ओळी अगदी मोजक्या, आणि शेवट म्हणजे शिवीसकट एकच नकार सोळा वेळा. शब्दांचा हा तुटवडा खरा आहे. पण गाण्याची ताकद रचनेत आहे. सुरुवातीचा जड ठेका, मग बासची रेंगाळलेली चाल, दबक्या आवाजातला पहिला नकार, आणि प्रत्येक फेरीला वाढणारा ताण. शेवटच्या फेऱ्यांत गायक ओरडतो तेव्हा तो उद्रेक ऐकणाऱ्याला अपरिहार्य वाटतो. पुनरुक्ती इथे आळसातून आलेली नाही. तीच या गाण्याची रचना आहे.

ती ताकद ब्रिटनमध्ये २००९ साली दिसली. त्याआधीची सलग चार वर्षे ख्रिसमसच्या आठवड्यात ‘एक्स फॅक्टर’ या टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याचे गाणे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर येत होते. जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या दांपत्याने फेसबुकवर मोहीम उघडली आणि लोकांनी सतरा वर्षे जुने ‘किलिंग इन द नेम’ पाच लाखांहून अधिक वेळा विकत घेऊन त्या वर्षीच्या विजेत्याला, जो मॅकएल्डरीला, मागे टाकले. केवळ डाउनलोडच्या बळावर ख्रिसमसचा पहिला क्रमांक मिळवणारे ते पहिले गाणे. पुढच्या जून महिन्यात बँडने लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये चाहत्यांसाठी विनामूल्य कार्यक्रम केला.

याच घटनेने टीकाकारांना दुसरा मुद्दाही दिला. पोलिसी अत्याचारावरचे गाणे टीव्ही स्पर्धेवरचा राग काढायला वापरले गेले, म्हणजे आशय गळून नुसता नकार उरला. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीनंतर फिलाडेल्फियात ट्रम्पसमर्थक पोलिसांच्या पाठराखणीचे झेंडे घेऊन याच गाण्यावर नाचताना दिसले. नकार कोणाला, हे शेवटच्या भागात ऐकू येत नसल्यामुळे तो कोणीही आपला म्हणू शकतो. हा दोष मान्य करावाच लागतो.

त्या तुलनेत ‘वेक अप’ आशयाने कितीतरी भरीव आहे. सहा मिनिटांच्या या गाण्यात माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची पाळत आणि कृष्णवर्णीय नेतृत्व मोडून काढण्याचे एफबीआयचे धोरण येते. १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ चित्रपटाच्या शेवटी ते वाजले आणि जगभर पोहोचले. मात्र त्याची मुख्य रिफ लेड झेपलिनच्या ‘कश्मीर’ची आठवण करून देते. सांगीतिक नवेपणात ते इथे कमी पडते.

एप्रिल १९९६ मध्ये आलेला ‘ईव्हिल एम्पायर’ हा दुसरा अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला लावलेले हे विशेषण बँडने अमेरिकेलाच लावले. यातले ‘बुल्स ऑन परेड’ शस्त्रउद्योग आणि लष्कर यांच्या संगनमतावर आहे. चार मिनिटांहूनही छोटे, एकही जागा फुकट न घालवणारे. वाह पेडलवर घासटलेली गिटार, तिच्याशी लढणारा बास, आणि मधोमध मोरेलोचा प्रसिद्ध सोलो. एका हाताने तो तारा घासतो, दुसऱ्याने गिटारवरचे स्विच झपाट्याने वरखाली करतो आणि हुबेहूब तबकडी घासल्याचा आवाज निघतो. रॅप आणि रॉक यांचा सांधा एवढा बेमालूम दुसऱ्या कोणत्याच गाण्यात जुळलेला नाही.

त्याच एप्रिलमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ कार्यक्रमात बँडने हेच गाणे वाजवले. त्या रात्रीचे सूत्रसंचालक उद्योगपती आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले स्टीव्ह फोर्ब्स होते. बँडने अँप्लिफायरवर अमेरिकेचे झेंडे उलटे लावले, कर्मचाऱ्यांनी ते ऐनवेळी काढले आणि दुसरे गाणे रद्द झाले.

१९९९ च्या ‘द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस’ या तिसऱ्या अल्बममधल्या ‘गेरिला रेडिओ’ला ग्रॅमी मिळाले. ते आटोपशीर आणि जोरकस आहे, पण ‘बुल्स’ची पायवाट पुन्हा तुडवते. ‘स्लीप नाऊ इन द फायर’ अधिक धाडसी. यात वसाहतवाद आणि हाव स्वतःच्या तोंडाने बोलतात. कोलंबसच्या जहाजांपासून हिरोशिमापर्यंतचा हिशेब मांडतात. दिग्दर्शक मायकल मूरने त्याच्या व्हिडिओचे चित्रीकरण जानेवारी २००० मध्ये वॉल स्ट्रीटवर केले, तेव्हा न्यूयॉर्क शेअर बाजाराला आपली दारे बंद करावी लागली. बँडच्या कवितेची उंची पाहायची तर हे गाणे पाहावे.

संपूर्ण कामगिरीवर घेतले जाणारे दोन आक्षेपही विचारात घ्यावे लागतात. पहिला, झॅकचा सूर सतत चढा आणि त्यामुळे एकसुरी. सलग अल्बम ऐकताना हे जाणवते, म्हणूनच ‘किलिंग’ आणि ‘वेक अप’मधली दबकी सुरुवात मोलाची ठरते. दुसरा, भांडवलशाहीविरुद्ध बोलणारा बँड सोनीच्या मालकीच्या एपिक कंपनीकडे होता. याने गाण्यांचा दर्जा ठरत नाही. उलट त्या वितरणामुळेच मेक्सिकोतल्या झापातिस्तांचे बंड किंवा लिओनार्ड पेल्टियर या आदिवासी कार्यकर्त्याचा तुरुंगवास असंख्य तरुणांना प्रथम कळला. पेल्टियरवरच्या ‘फ्रीडम’ने हे काम १९९० च्या दशकात केले, त्याची सुटका फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली.

झॅक ऑक्टोबर २००० मध्ये बाहेर पडला, २००७ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले, २०२२ चा दौरा गायकाच्या पायाच्या दुखापतीने अर्धवट राहिला. जानेवारी २०२४ मध्ये विल्कने पुढे कार्यक्रम होणार नसल्याचे जाहीर केले. मूळ गाण्यांचे अल्बम तीनच असल्यामुळे निवाडा करणे सोपे जाते. लोकांना एकत्र उभे करण्यात ‘किलिंग इन द नेम’ला तोड नाही, आशयात ‘वेक अप’ आणि ‘स्लीप नाऊ इन द फायर’ पुढे आहेत. पण शब्द, ताल आणि वादन तिन्ही एकाच उंचीवर धरणारे गाणे एकच, ‘बुल्स ऑन परेड’, आणि पहिला मान त्याचा.