दीपोत्सव आणि कॅमेरा : काळोख राखण्याची विद्या

दिवाळीला आपण प्रकाशाचा सण म्हणतो खरे. परंतु या सणाची मुख्य रात्र अमावास्येची असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिव्यांसाठी आपल्या परंपरेने महिन्यातील सर्वांत काळी रात्र निवडली. पौर्णिमेच्या चांदण्यात तीच पणती अंगणात ठेवली असती, तर तिचे तेज एवढे डोळ्यांत भरले नसते. ज्योतीची शोभा तिच्याभोवतीच्या काळोखावर अवलंबून असते. दिवाळीच्या निमित्ताने ज्यांच्या हाती प्रथमच कॅमेरा आला आहे, त्यांनी पहिला धडा गिरवायचा तो हाच. कारण कॅमेऱ्याला ही गोष्ट मुळीच ठाऊक नसते.

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारी एक यंत्रणा असते. समोरचे दृश्य, सरासरी काढली असता, मध्यम करड्या छटेचे आहे असे ती गृहीत धरते. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी ही छटा होय. दुपारच्या उजेडातील बागेला, रस्त्याला हे गृहीतक बरेचसे लागू पडते. परंतु चौकटीचा नऊ-दशांश भाग काळोखाने व्यापलेला आणि मध्ये पाच-सहा पणत्यांची ओळ, असे दृश्य पुढे आले की यंत्रणेची फसगत होते. दृश्य फार काळे आहे, ते उजळलेच पाहिजे, अशा समजुतीने ती अधिक प्रकाश आत घेते. परिणामी काळोखाची राखुंडी होते, ज्योतींचे पांढरे ठिपके होतात आणि ज्या सोनेरी उजेडासाठी आपण थांबलो होतो, तो तेवढा नाहीसा होतो. सारे काही यंत्रावर सोपवणाऱ्या नवशिक्यांची दिवाळीची चित्रे वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेने फिकट येतात, त्याचे कारण हे आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे अशा चिन्हाची एक कळ असते. ती उणे एक, प्रसंगी उणे दोनवर न्यावी. उणे एक म्हणजे निम्मा प्रकाश, उणे दोन म्हणजे पाव. भ्रमणध्वनीवर चित्र काढणाऱ्यांनी पडद्यावर ज्योतीवर बोट टेकवावे. बहुतेक फोनांवर त्याच वेळी उजेडाची पट्टी दिसू लागते, ती खाली ओढावी. काळोख पुन्हा काळा होतो आणि वातीच्या टोकाचा पिवळा रंग परत येतो.

आता त्या तीन गोष्टींकडे वळू, ज्यांच्या नावांनीच नवशिक्याला धडकी भरते. भिंगातील छिद्र म्हणजे ॲपर्चर. प्रकाश किती वेळ आत घ्यायचा हे ठरवणारी झडप म्हणजे शटर. आणि प्रकाशाला किती तत्परतेने प्रतिसाद द्यायचा हे सांगणारा आकडा म्हणजे आयएसओ. फिल्मच्या काळातील अमेरिकन 'एएसए' आणि जर्मन 'डीआयएन' या दोन मोजणींना एकत्र आणून १९७४ साली हे आंतरराष्ट्रीय माप ठरले. डिजिटल कॅमेऱ्यांतही तेच चालू राहिले. ॲपर्चरचे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११ हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांत गूढ काही नाही. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. आणि आकड्याच्या प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो किंवा दुप्पट होतो.

पणत्यांचा उजेड डोळ्याला भरपूर वाटतो, कारण डोळा काळोखाला लवकर सरावतो. वास्तविक दिव्याजवळ उजळलेला चेहरा भर दुपारच्या उन्हातील चेहऱ्यापेक्षा सुमारे दोन हजार पटींनी मंद असतो. ही तूट वर सांगितलेल्या तीन ठिकाणांहूनच भरून काढावी लागते. सुरुवातीला एफ/२, १/६० सेकंद आणि आयएसओ १६०० हे त्रिकूट धरावे. ज्यांच्या भिंगाचे छिद्र एफ/५.६ हून अधिक उघडत नाही, त्यांना प्रकाशाच्या तीन पायऱ्या गमवाव्या लागतात आणि वेळ १/८ सेकंदापर्यंत लांबतो. एवढ्या वेळात हातही हलतो आणि माणूसही. आयएसओ ६४०० वर नेल्यास १/३० सेकंदाने भागते. चित्रात थोडे दाणे उमटतात, पण त्यांचे फार मनावर घेऊ नये. दाणेदार चित्रातील आजी ओळखता येते, हललेल्या चित्रातील येत नाही.

फ्लॅश मात्र कटाक्षाने बंद ठेवावा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून पडणारा तो लखलखाट दिव्याचे अस्तित्वच पुसून टाकतो. समोर उजेड आणि मागे काळी भिंत एवढेच उरते. निरांजन पेटले होते की नव्हते, ते सांगता येत नाही. रंगाचेही असेच जपावे लागते. तेलाच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्व्हिन, तर दिवसाउजेडाचे सुमारे ५५०० केल्व्हिन. 'ऑटो' व्हाइट बॅलन्स हा तांबूसपणा दोष समजून तो धुऊन काढू पाहतो. तेथे सूर्याचे चिन्ह निवडले की ज्योत सोनेरीच राहते.

एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकाराला असली निवडच नव्हती. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, त्या सुमारास काचेच्या पट्टीवर ओल्या कलोडियनचा लेप देऊन चित्रे घेण्याची पद्धत रूढ होत होती. तो लेप निळ्या-जांभळ्या किरणांना दाद देई. पिवळ्या-तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळाच असे. म्हणूनच अशा काचा पिवळ्या-तांबड्या उजेडात निर्धास्तपणे हाताळता येत. पणतीच्या प्रकाशातील मुखचंद्रमा टिपणे त्या पिढीला स्वप्नातही शक्य नव्हते. आज ते खिशातल्या फोनला साधते.

या विद्येचा उत्तम पाठ एका चित्रकाराने घालून दिला आहे. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीच्या या कलावंताचे असून चित्रातील स्त्री म्हणजे त्यांचीच कन्या. तिने ज्योतीपुढे तळहात धरला आहे. बोटांच्या फटींतून लालसर प्रकाश झिरपतो, मुख उजळते आणि भोवतालचा काळोख अबाधित राहतो. छायाचित्रकाराने येथून शिकावे ते हे की, ज्योत हाताच्या किंवा ताटातील तांब्याच्या आड गेली की दृश्यातील सर्वांत प्रखर बिंदू लपतो. मग कॅमेऱ्याला ज्योत सांभाळू की चेहरा, असे द्वंद्व राहत नाही.

भाऊबीजेला आणि पाडव्याला हेच कसब पणास लागते. ओवाळताना ताट फिरत असते. त्या फेऱ्यात चित्र घेतले तर प्रकाशाची नुसती रेघ उमटते. पण ओवाळणाऱ्या हाताला एक लय असते. फेरा पालटताना ताट क्षणमात्र थबकते, तोच क्षण साधावा. 'पुन्हा एकदा ओवाळ, चित्र बरे आले नाही' असे बहिणीला सांगणारे हल्ली घरोघरी आढळतात. ते औक्षण मग औक्षण राहत नाही, हे त्या बहिणीच्या चेहऱ्यावर लगेच दिसते, आणि चित्रातही दिसते. पूजेच्या आधी एखाद्या लहानग्याच्या हाती ताट देऊन मापे जुळवून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी कळांशी झटापट करावी लागत नाही.

आतषबाजीचे गणित निराळे. तेथे कॅमेरा तिवईवर पक्का बसवावा. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, झडप दोन ते सहा सेकंद उघडी, आणि फोकस हाताने दूरवर लावलेला. ठिणगी एका जागी थांबत नसल्याने झडप अधिक वेळ उघडी ठेवली म्हणून तिची रेषा अधिक उजळ होत नाही. तिचा उजळपणा छिद्रावर ठरतो. वेळेने ठरते ते चौकटीत किती फुले उमलणार एवढेच.

अमावास्येनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते आणि नवशिक्याला आणखी एक संधी मिळते. देवळांच्या दीपमाळा पेटतात, कोल्हापुरास पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरून जातो. आकाशात चंद्र असल्याने काळोख तितका गडद नसतो, म्हणून उणे एकच पुरते. पाण्यातील प्रतिबिंबावर फोकस करू पाहणारे बहुधा पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस करतात आणि ज्योती विरघळलेल्या येतात. प्रतिबिंबाचे अंतर पृष्ठभागापाशी संपत नाही. भिंगापासून पाण्यापर्यंत आणि तेथून दिव्यापर्यंत असे दोन्ही मिळून ते मोजले जाते. म्हणून फोकस पाण्यावर न करता पायरीवरच्या प्रत्यक्ष पणतीवर करावा, छिद्र एफ/५.६ ठेवावे आणि नदीवरचा वारा पडण्याची वाट पाहावी.